ते ‘इन’ कोणाचं?

इतरांनी लिहिलेलं इंग्रजी तपासायचं हे माझं रोजचं काम. अहवाल, अर्ज, प्रबंधाची प्रकरणं, कधी एखादं महत्त्वाचं पत्र. लिहिणारे बहुतेक जण मराठीत वाढलेले, मराठीत विचार करणारे. त्यांचं व्याकरण कच्चं नसतं. काळ बरोबर, क्रियापदाचं रूप बरोबर, ‘अ’ आणि ‘द’सुद्धा बहुधा जागेवर. तरी वाचताना मध्येच काहीतरी खटकतं, आणि खटकण्याची जागा जवळपास ठरलेली असते. एखाद्या नामाला अख्ख्या वाक्याचं विशेषण जोडायचं असतं आणि त्या वाक्यात ‘इन’, ‘टू’, ‘विथ’, ‘अबाउट’ असलं काहीतरी असतं, तिथे. मी राहते ते घर. ज्याच्याशी बोलले तो माणूस. ज्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट.

इंग्रजीत याला रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात. शाळेत आपण त्याला विशेषण वाक्य म्हणायचो. आणि प्रीपोझिशन म्हणजे आपलं शब्दयोगी अव्यय, फक्त आपल्याकडे ते नामानंतर येतं आणि इंग्रजीत आधी. निदान नावाप्रमाणे तरी आधीच यायला हवं. ते आधी आलं नाही की काय होतं, याचा हा सगळा लेख आहे.

घराचंच उदाहरण घेऊ. ‘मी राहते ते घर’ हे इंग्रजीत पाच तऱ्हांनी सांगता येतं. ‘द हाउस इन व्हिच आय लिव्ह’, ‘द हाउस व्हिच आय लिव्ह इन’, ‘द हाउस दॅट आय लिव्ह इन’, ‘द हाउस आय लिव्ह इन’ आणि ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह’. पाचही शुद्ध आहेत. बोलण्याच्या ओघात सहज येतं ते चौथं, ज्यात जोडणारा शब्दच नाही आणि ‘इन’ शेवटी उघडं पडलेलं आहे. माझ्यासमोर येणाऱ्या कागदांवर हे चौथं क्वचितच दिसतं. तिथे ‘इन व्हिच आय लिव्ह’ असतं, कुठल्याही मजकुरात, मित्राला लिहिलेल्या दोन ओळींतसुद्धा. नाहीतर नुसतं ‘द हाउस आय लिव्ह’ असतं, म्हणजे ‘इन’ गायब. नाहीतर ‘द हाउस इन व्हिच आय लिव्ह इन’, खबरदारी म्हणून दोन्हीकडे. यातलं पहिलं चूक नाही, फक्त कडक इस्त्रीचं आहे. उरलेली दोन चूक आहेत. पण तिन्हींचं मूळ एकच आहे आणि ते आपल्या मराठीत आहे, असं माझं मत हळूहळू पक्कं होत गेलंय.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतं. घरात, घराशी, घरावर, घराबद्दल. ते सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसू शकत नाही. ‘जे घर मी राहते त’ असं कोणी म्हणणार नाही, कारण एकट्या ‘त’ला काही अर्थच नाही. त्यामुळे असं वाक्य बांधायला आपल्यापुढे दोन वाटा उरतात. एक सविस्तर: ‘मी ज्या घरात राहते ते घर’. इथे प्रत्यय ‘ज्या’च्या गटाला धरून राहतो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण त्याच साच्यातली. दुसरी वाट आखूड: ‘मी राहते ते घर’. हिच्यात प्रत्यय गळूनच जातो, आणि गळला तरी काही बिघडत नाही. ‘दार उघडलं ती किल्ली’ म्हटलं की किल्लीने दार उघडलं हे कळतं. ‘काल आपण बोललो तो विषय’ यात ‘बद्दल’ कुठे गेलं असं कोणी विचारत नाही. ‘ती बसली होती ती खुर्ची’ म्हटल्यावर ‘वर’ शोधावं लागत नाही, कारण खुर्चीचं आणि बसण्याचं नातं आपल्याला माहीत असतं. याहून आखूड रूपं तर मला फार आवडतात: राहतं घर, झोपायची खोली, बसायची जागा, लिहायचं टेबल. नाम आणि क्रिया शेजारी ठेवायच्या, मधलं नातं ऐकणाऱ्याने ओळखायचं. ही मराठीची खरी श्रीमंती आहे.

आता हे दोन साचे घेऊन माणूस इंग्रजीत आला की काय होणार? सविस्तर साच्यातून ‘इन व्हिच’ येतं. आखूड साच्यातून ‘द हाउस आय लिव्ह’ येतं आणि ‘द की ही ओपन्ड द डोअर’ येतं. या दुसऱ्या वाक्यात ‘डोअर’ हे कर्म आधीच जागेवर असल्यामुळे किल्ली कुठे बसवायची हे इंग्रजी वाचणाऱ्याला समजत नाही. त्याला ‘विथ’ हवंच. नातं ओळखून घेण्याची मुभा त्याची भाषा त्याला देत नाही. आणि दोन्ही साचे एकाच वेळी डोक्यात असले की ‘इन व्हिच आय लिव्ह इन’ होतं. अव्यय टोकाला मोकळं सोडायची तिसरी वाट मराठीत नाहीच, म्हणून इंग्रजीतही ती चटकन सुचत नाही.

अव्यय गाळण्याची सवय फक्त आपली नाही, हेही सांगायला हवं. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांत ती दिसली आणि त्यांनी तिला ‘नल-प्रेप’ असं नावही दिलं. त्यात लक्ष देण्यासारखं हे की, ही माणसं साध्या वाक्यात अव्यय बरोबर वापरतात. ‘आय लिव्ह इन धिस हाउस’ लिहिताना त्यांचं ‘इन’ चुकत नाही. त्याच वाक्याचं विशेषण किंवा प्रश्न करायला घेतला की ते निसटतं. म्हणजे क्रियापदाला कोणतं अव्यय लागतं ते ठाऊक असतं; वाक्य फिरवताना ते हातातून सुटतं. जगभरच्या भाषांची तुलना करून एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी १९७७ मध्ये अशा वाक्यांची एक उतरंड मांडली होती. कर्त्याला विशेषण वाक्य जोडणं सगळ्यांत सोपं, मग कर्माला, आणि अव्ययामागच्या नामाला जोडणं त्याहून अवघड. काही भाषा मधल्याच पायरीवर थांबतात. तेव्हा ‘द मॅन हू केम’ लिहिणारा ‘द मॅन आय स्पोक टू’पाशी येऊन अडतो, यात त्याच्या हुशारीचा काही प्रश्न नाही.

भाषाशास्त्रात या दोन रचनांना नावं आहेत. अव्यय मागे राहतं त्याला ‘स्ट्रँडिंग’ म्हणतात. अव्यय ‘व्हिच’बरोबर पुढे जातं त्याला ‘पाइड-पायपिंग’. हे दुसरं नाव जॉन रॉबर्ट रॉस यांच्या १९६७ च्या एमआयटीतल्या प्रबंधामुळे रूढ झालं. हॅमेलिनच्या बासरीवाल्यामागून उंदीर निघाले तसं ‘व्हिच’ निघालं की ‘इन’ही त्याच्यामागून निघतं, अशी त्यामागची कल्पना. मराठीत बासरीवाला कायम वाजवतच असतो. आपल्याकडे मागे राहायची सोय नाही. फ्रेंच आणि जर्मनमध्येही अशा वाक्यात अव्यय पुढेच जातं. शेवटी सोडायला मोकळीक देणाऱ्या भाषा जगात थोड्या. इंग्रजी त्यांतली एक, आणि डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन या तिच्या उत्तरेकडच्या बहिणी.

शेवटी अव्यय आलं की इंग्रजी गावंढळ होतं, अशी समजूत आपल्याकडे शाळेपासून असते. तिचा उगम बऱ्यापैकी नेमका दाखवता येतो. १६७२ मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडनने, आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या एका ओळीवर बोट ठेवलं. १६११ च्या नाटकातली ती ओळ अशी: ‘द बॉडीज दॅट दोज सोल्स वेअर फ्राइटेड फ्रॉम’. वाक्याच्या शेवटी अव्यय हा जॉन्सनचा नेहमीचा दोष आहे, असं ड्रायडन म्हणाला, आणि तो आपल्याही लिखाणात नुकताच सापडल्याचं त्याने त्याच दमात सांगितलं. मग त्याने स्वतःचं जुनं लेखन दुरुस्त केलं. त्याच्या १६६८ च्या एका निबंधात ‘द एज आय लिव्ह इन’ असं होतं. १६८४ च्या आवृत्तीत ते ‘द एज इन व्हिच आय लिव्ह’ झालं.

मला या माणसाबद्दल आपुलकी वाटते ती त्याच्या दुसऱ्या एका कबुलीमुळे. आपण लिहितोय ते अस्सल इंग्रजी आहे की नाही याची शंका आली की आपण ते लॅटिनमध्ये भाषांतर करून बघतो, असं त्याने १६७९ मध्ये लिहून ठेवलंय. लॅटिनमध्ये अव्यय शेवटी लोंबत ठेवता येत नाही. इंग्रजीचा एवढा मोठा कवी, पण कानात लॅटिन वाजत होतं म्हणून त्याला स्वतःच्या मातृभाषेतली एक धडधाकट रचना दोष वाटली. आपल्या कानात मराठी वाजत असते आणि आपल्यालाही ती दोषच वाटते. कारण अगदी तेच.

आणि ती रचना आयात केलेली नव्हती, घरचीच होती. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११५० पूर्वीच्या, ‘थे’ नावाचा एक न बदलणारा जोडशब्द होता. त्याच्यापुढे अव्यय येतच नसे, ते क्रियापदाजवळ राहत असे. आजचं ‘दॅट’ तसंच वागतं: ‘द हाउस दॅट आय लिव्ह इन’ चालतं, ‘द हाउस इन दॅट आय लिव्ह’ कधीच चालत नाही. ‘व्हिच’ आणि ‘हूम’ यांना धरून अव्यय पुढे नेण्याची लकब मध्ययुगात वाढत गेली, तीही लॅटिन आणि फ्रेंचच्या छायेतल्या गंभीर लिखाणातून. रॉबर्ट लाउथच्या १७६२ च्या व्याकरणात समतोल मत आहे: शेवटी अव्यय ठेवण्याकडे आपल्या भाषेचा जोरदार कल आहे, ते बोलण्यात आणि घरगुती लिखाणात शोभतं, पण भारदस्त शैलीला ते पुढे असलेलं अधिक डौलदार. हे सांगणारं त्याचं वाक्यही ‘व्हिच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू’ असं, शेवटी ‘टू’ घेऊनच येतं. नंतरच्या शाळामास्तरांनी त्यातला डौल तेवढा उचलला आणि त्याचा कायदा केला. १९२६ मध्ये इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने या कायद्याला जिवापाड जपलेली अंधश्रद्धा म्हटलं. आज कुठलाही जबाबदार व्याकरणकार तो मानत नाही. आपल्या वह्यांमधून मात्र तो अजून गेलेला नाही.

मग कुठे पुढे आणि कुठे मागे? औपचारिक मजकुरात पुढे, बोलण्यात मागे, हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते खोटं नाही. पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण काही जागी कितीही औपचारिक मजकूर असला तरी अव्यय पुढे नेता येत नाही आणि काही जागी गप्पा मारतानाही ते मागे ठेवता येत नाही. मी तपासताना एक वेगळाच प्रश्न विचारते: हे अव्यय निवडलं कोणी?

‘लुक आफ्टर’ घ्या. ‘द चिल्ड्रन शी लुक्स आफ्टर’. इथलं ‘आफ्टर’ मुलांनी निवडलेलं नाही. मुलांचा आणि ‘नंतर’चा काही संबंध नाही. ते ‘लुक’ने निवडलंय आणि दोघं मिळून ‘सांभाळणं’ झालंय. ‘द चिल्ड्रन आफ्टर हूम शी लुक्स’ केलं की सांभाळणं मोडतं आणि ती मुलांच्या पाठीकडे टक लावून बघतेय असं वाटायला लागतं. ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘गेट अवे विथ’ ही सगळी याच घरातली. चर्चिलच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं, ‘धिस इज द सॉर्ट ऑफ इंग्लिश अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’. ते त्याचं असल्याचा पुरावा नाही, पण या जातीच्या क्रियापदाची मोडतोड केली की काय उरतं ते त्यात छान दिसतं. मराठीतही ‘तो वर गेला’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ यांतला ‘वर’ एकच नाही, पहिला क्रियाविशेषण आणि दुसरा शब्दयोगी, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते ज्ञान इथे कामाला येतं.

आता उलट बाजू. ‘द स्पीड ॲट व्हिच द सिटी इज ग्रोइंग’. यातलं ‘ॲट’ कोणी निवडलं? ‘ग्रो’ला ‘ॲट’ची काही गरज नाही. ते ‘स्पीड’ने मागितलं, कारण इंग्रजीत वेग ‘ॲट अ स्पीड’ असा येतो. तसंच ‘द एक्स्टेंट टू व्हिच’, ‘द ईज विथ व्हिच’, ‘द कंडिशन्स अंडर व्हिच’, ‘द मीन्स बाय व्हिच’, ‘द पॉइंट बियाँड व्हिच’. या सगळ्यांत अव्यय नामाचं आहे, म्हणून ते नामाजवळच राहतं. ‘द ईज दॅट शी सॉल्व्ह्ड इट विथ’ म्हटलं तर ‘विथ’ शेवटी पोरकं होतं. बोलता बोलता कोणी ‘द स्पीड ही ड्राइव्ज ॲट’ म्हणेलही, कारण ‘ड्राइव्ह’ आणि ‘ॲट’ यांची जवळीक बऱ्यापैकी आहे. ‘एक्स्टेंट’ला ती सवलत मिळत नाही. ‘ड्युरिंग’चंही तसंच: ‘द मीटिंग ड्युरिंग व्हिच ही रिझाइन्ड’. ते कुठल्याच क्रियापदाचं नसतं, नुसती परिस्थिती सांगतं, आणि शेवटी टाकलं तर अवघडून उभं राहतं.

आणि आपलं घर? ‘लिव्ह इन’मधलं ‘इन’ थोडं क्रियापदाचं, थोडं घराचं. राहणं हे कशात तरी असल्याशिवाय पुरं होत नाही, आणि घरालाही ‘इन’च शोभतं. दोघांनी मिळून निवडलेलं अव्यय दोन्हीकडे सुखाने राहतं. म्हणूनच पाठ्यपुस्तकं नेहमी घराचं उदाहरण देतात, आणि म्हणूनच ते उदाहरण शिकवायला मला अपुरं वाटतं. दोन्ही चालतात असं बघून विद्यार्थी समजतो की कुठेही काहीही चालतं, आणि मग सुरक्षित म्हणून कायमचा ‘इन व्हिच’ धरून ठेवतो.

एका तरुण इंजिनियरचा अहवाल माझ्याकडे आला होता. त्यात हे वाक्य होतं: ‘द मशीन ऑन व्हिच वी वेअर डिपेंडिंग ऑन हॅड अ प्रॉब्लेम अबाउट व्हिच नोबडी हॅड टोल्ड.’ त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, “आधी यातली छोटी वाक्यं सुटी कर.” त्याने लिहिलं, ‘वी वेअर डिपेंडिंग ऑन द मशीन’ आणि ‘नोबडी हॅड टोल्ड अस अबाउट द प्रॉब्लेम’. दोन्ही निर्दोष. मघाशी गळालेलं ‘अस’सुद्धा आपोआप परत आलं. मी म्हटलं, “आता यातून फक्त ‘मशीन’ उचल आणि आधी ठेव. बाकी कशालाही हात लावू नकोस.” झालं, ‘द मशीन वी वेअर डिपेंडिंग ऑन’. तसंच ‘प्रॉब्लेम’ उचलल्यावर ‘अ प्रॉब्लेम नोबडी हॅड टोल्ड अस अबाउट’. सगळं जोडून: ‘द मशीन वी वेअर डिपेंडिंग ऑन हॅड अ प्रॉब्लेम नोबडी हॅड टोल्ड अस अबाउट.’

तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. “पण ताई, ‘अबाउट’ नंतर काहीच नाही. वाक्य अर्धवट तोडल्यासारखं वाटतं.”

“अबाउट काय, ते तुला माहीत नाही का?”

“माहीत आहे. प्रॉब्लेम.”

“ते इंग्रजी वाचणाऱ्यालाही माहीत आहे. ‘अबाउट’ नंतरची रिकामी जागा बघून तो मागे जातो आणि ‘प्रॉब्लेम’ला हात लावून येतो.”

नाम उचलल्यावर जी जागा रिकामी झाली ती तशीच रिकामी ठेवायची. भरायची नाही आणि बुजवायचीही नाही. तिथे ‘इट’ किंवा ‘हिम’ टाकलं, ‘द मॅन आय स्पोक टू हिम’ केलं, तर भरली. अव्ययच काढून टाकलं तर बुजवली. मी कोणालाही हा विषय सांगताना याच कृतीपासून सुरुवात करते आणि नियम नंतर सांगते. छोटं वाक्य लिहिलं की अव्यय लागतं की नाही तेही लगेच उघडं पडतं. ‘विषयावर चर्चा केली’ या मराठीमुळे लोक ‘द टॉपिक अबाउट व्हिच वी डिस्कस्ड’ लिहितात. छोटं वाक्य ‘वी डिस्कस्ड द टॉपिक’ असं आहे. त्यात ‘अबाउट’ नाहीच, मग ते विशेषण वाक्यात येणार कुठून? ‘द रूम इन व्हिच ही एंटर्ड’ याचंही तेच. ‘एंटर’ला ‘इन’ लागत नाही. ‘द रूम ही एंटर्ड’, बस.

त्या इंजिनियरचा पुढचा प्रश्न चांगला होता. “अहवालात हे चालेल?” अंतर्गत अहवालात चालेल. बाहेर जाणाऱ्या, सहीशिक्क्याच्या दस्तऐवजात मी ‘द मशीन ऑन व्हिच द टीम डिपेंडेड’ करेन, कारण ‘डिपेंड ऑन’ हे ‘लुक आफ्टर’इतकं घट्ट नाही आणि पुढे गेलेलं ‘ऑन’ तिथे खटकत नाही. दुसरं जे कारण मला अव्यय पुढे न्यायला लावतं ते अंतर. ‘द मॅन आय गेव्ह द बुक टू’ सुरेख आहे. पण ‘बुक’ला आणखी एक शेपूट आलं, माझ्या बहिणीने काल वाचनालयातून आणलेलं पुस्तक असं झालं, तर तो शेवटचा ‘टू’ येईपर्यंत वाचणारा ‘मॅन’ विसरून गेलेला असतो. तिथे ‘द मॅन टू हूम आय गेव्ह’ करून नातं आधीच सांगून टाकणं हे वाचणाऱ्याशी सौजन्याने वागणं आहे.

‘हूम’बद्दल थोडक्यात. अव्यय पुढे असेल तर ‘हूम’ सक्तीचं, ‘टू हू’ कधीच नाही. अव्यय मागे असेल तर ‘हू आय स्पोक टू’ सर्रास चालतं, आणि काहीच न लिहिणं सगळ्यांत सहज. ‘मोस्ट ऑफ व्हिच’, ‘टू ऑफ हूम’ या संख्येच्या रचनांत अव्यय पुढेच राहतं, तिथे निवड नाही. ‘व्हेअर’ असेल तर अव्यय लागत नाही. ‘द सिटी व्हेअर आय लिव्ह इन’ ही दुहेरी चूक फार दिसते. दुहेरीची हौस जुनीच आहे म्हणा. ‘द सीन व्हेअरइन वी प्ले इन’ असं खुद्द शेक्सपियरच्या नाटकात आहे. आज तसं लिहिलेलं मी खोडेन.

काही मोजकी नामं मात्र आपल्या आखूड मराठी साच्यासारखी वागतात, आणि ती शिकवताना समोरच्याचा चेहरा खुलतो. ‘द डे वी मेट’, आपण भेटलो तो दिवस. ‘द वे शी टॉक्स’, ती बोलते ती पद्धत. ‘द रीझन आय केम’, मी आलो ते कारण. इथे अव्यय खरोखरच गळतं. ‘द डे ऑन व्हिच वी मेट’ शुद्ध आहे, पण प्रेमपत्रात लिहिलं तर पंचनामा वाटेल. ‘द वे हाउ’ मात्र होत नाही. दिवस, वेळ, पद्धत, कारण यांना ही सूट आहे. घर, किल्ली, खुर्ची यांना नाही. ‘प्लेस’ मध्येच कुठेतरी आहे, बोलताना ‘द प्लेस वी स्टेड’ चालून जातं.

शेवटची जागा ‘टू’वाल्या रचनांची. ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’, ‘बोलायला कोणीतरी’. मराठीत अव्यय नाही म्हणून इंग्रजीत ‘अ चेअर टू सिट’, ‘अ पेन टू राइट’ होतं. हवं असतं ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’. पेनवर लिहीत नाही, पेनने लिहितो; कागद असता तर ‘टू राइट ऑन’. एवढ्याशा अव्ययाने हातात पेन आहे की कागद ते कळतं. औपचारिक रूप ‘अ पेन विथ व्हिच टू राइट’ असं आहे, आणि ‘अ पेन व्हिच टू राइट विथ’ हे कुठल्याच इंग्रजीत नाही. ‘व्हिच’ आणायचं तर इथे अव्यय पुढे आणावंच लागतं.

यातलं ‘समवन टू टॉक टू’ मी नेहमी मोठ्याने वाचायला लावते. कागदावर दोन ‘टू’ सारखे दिसतात, आणि बरेच जण दुसरा ‘टू’ चुकून दोनदा टाइप झाला असं समजून काढून टाकतात. मोठ्याने म्हटलं की ते सारखे नाहीत हे लक्षात येतं. इंग्रजीत नामाआधीची आणि क्रियापदाआधीची अशी छोटी अव्ययं दबून जातात. पहिला ‘टू’ जवळजवळ ‘त’ होतो. टोकाला राहिलेल्या अव्ययाचा स्वर दबत नाही. ‘लुक ॲट मी’मधलं ‘ॲट’ पुसट असतं, ‘द पिक्चर ही वॉज लुकिंग ॲट’मधलं पूर्ण उच्चारलं जातं. ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘ऑफ’ यांचंही तसंच. जोर क्रियापदावर असतो, अव्ययावर नाही, पण त्याचा स्वर मात्र अख्खा मिळतो, आणि ऐकणाऱ्याला त्यावरून कळतं की यानंतर काही यायचं नाही, जे यायचं होतं ते आधीच येऊन गेलंय. तेव्हा ‘समवन टू टॉक टू’ म्हणताना पहिला ‘टू’ पटकन सोडायचा, ‘टॉक’वर थांबायचं आणि दुसरा ‘टू’ पुरता म्हणायचा. मग ‘नथिंग टू वरी अबाउट’, ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘समथिंग टू लुक फॉरवर्ड टू’.